हस्ते

घर ताब्यात आलं तेव्हा आत होतं
भिंतीत एक खिळा, गॅलरीत वाळलेली तुळस,
आणि दाराखालून सरकवलेलं
श्री. गजानन खुटवड यांचं टपाल.

मालक म्हणाले, ते गेले.
कुठं गेले, ते म्हणाले नाहीत.
अकरा महिन्यांचा करार, पोलीस ठाण्यात फोटो, अंगठा.
कायमचा पत्ता: हिंगोली. हे झरकन लिहिलं.
सध्याचा पत्ता या रकान्यात पेन टेकवून
मी एवढा वेळ बसले
की शाईचा ठिपका पसरला,
मग त्या ठिपक्यापासूनच सुरू केलं: घणसोली, सेक्टर सात.

आई गल्लीत सांगते, आमची वर्षाराणी मुंबईला असते.
दादरची सहकारी विचारते, घणसोली म्हणजे नक्की कुठं गं?
या दोघींच्या मध्ये कुठंतरी
मी दूध तापवते, उतू घालवते, ओटा पुसते.

रबाळ्याला पाण्याचे नमुने तपासते मी.
टाकीचं, बोअरचं, परवाच उभ्या राहिलेल्या टॉवरचं.
कुठल्या सोसायटीचं पाणी जड,
कुणी टाकी धुतली म्हणून खोटंच लिहून दिलंय,
सगळं कळतं मला या गावाचं.
माझ्याच मजल्यावरची माणसं मात्र
लिफ्टमध्ये आकड्यांकडे बघत उभी असतात.
मीही आकड्यांकडेच बघते.
रात्री वारा फिरला की कारखान्यांकडून
गोडसर, उग्र वास येतो.
खिडकी लावून, कुठलं सॉल्व्हंट असेल
याचा अंदाज करत झोपते.

खुटवडांना मात्र किती जण विचारतात.
बँक, विमा, गाडीवाले.
चष्म्याचा दुकानदार तर दर दोन महिन्यांनी:
नंबर तपासून घ्या, बराच काळ झाला.
सगळं बुटांच्या खोक्यात ठेवत गेले.
फेकवेना.

सातव्या महिन्यात पत्रिका आली.
कोपऱ्याला हळदीचं बोट. गोठिवलीचे मढवी.
सहकुटुंब, सहपरिवार, अगत्याचं.
सात महिन्यांत मला कुणी कशाला बोलावलं नव्हतं.
नाही, ऑफिसनं बोलावलं होतं एकदा,
आग लागल्यावर जिना कसा उतरायचा ते शिकायला.

हळदीच्या संध्याकाळी कामावरून थेट गेले.
मांडवाच्या तोंडाशी डीजेची भिंत,
तिच्याआड एक म्हातारी धवलारीण
कुणाला ऐकू जावो न जावो, धवले म्हणत बसलेली.
कडवं संपवून तिनं माझ्याकडे पाहिलं.
तू कोनाची गो? पोरीकरची का पोराकरची?
मी म्हटलं, सेक्टर सातची.
ती एवढी हसली की तिला ठसका लागला.
मंग जेव, म्हणाली.
कुणीतरी ताटात वडे टाकले, वर रस्सा ओतला.
मी खात नाही, हे सांगायचं राहून गेलं.
दुसऱ्यांदा वाढलं तेव्हाही राहून गेलं.

निघताना टेबलावर आहेराची वही,
मागे मिसरूड फुटलेला पोरगा.
नाव?
गजानन खुटवड, मी म्हणाले.
त्यानं मान वर करून मला नीट पाहिलं,
माझ्या गालावर कुणी लावलेली हळद पाहिली,
आणि काही न विचारता लिहिलं:
खुटवड, घणसोली, १०१ रु.
मग पुढे, जरा बारीक अक्षरात, हस्ते,
आणि पेन थांबवून वाट बघत राहिला.
वर्षाराणी पतंगे, मी सांगितलं.
दीर्घ की ऱ्हस्व, त्यानं विचारलं.

खुटवड, असाल तिथं कळावं म्हणून:
तुमच्या नावे एकशे एक गेले आहेत.
ते मला परत नकोत.
तुळस गेलीच होती, दुसरी लावली आहे.
चष्म्याचं तेवढं बघा.
माणूस काळजीत आहे.